शुब्र्यातून बाशा खाली उतरतो

कैरोच्या शुब्रा भागात, एका जुन्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, वदीअ बिशारा यांच्या दिवाणखान्यात अ‍ॅमेझॉन नदी होती. तिची लांबी सोफ्याएवढी, खोली कमरेइतकीही नाही, आणि दोन्ही तीरांवर मार्सेलबाईंनी विणलेले पांढरे रुमाल अंथरलेले. वदीअ मास्तरांनी हयातभर सरकारी शाळेत भूगोल शिकवला. ज्या जगाविषयी ते अधिकारवाणीने बोलत, त्यातले त्यांनी कैरो पाहिले होते, अलेक्झांड्रिया पाहिले होते, आणि एकदा चुकीच्या बसमध्ये बसल्यामुळे तांता. निवृत्तीनंतर माणसे प्रवासाला निघतात असे त्यांनी ऐकले होते. त्यांनी नदीच काचेच्या पेटीत घालून घरी आणली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

या नदीचा सर्वाधिकारी बाशा नावाचा मासा. बाजारात त्याच्या जातीला ऑस्कर म्हणतात. शुक्रवारच्या बाजारातून तो पिशवीत आला तेव्हा अंगठ्याएवढा होता आणि चेहऱ्यावर अनाथ मुलासारखे भाव होते. त्याच आठवड्यात पेटीतले इतर रहिवासी दिसेनासे होऊ लागले. मास्तरांनी आधी मांजरावर संशय घेतला. घरात मांजर नाही हे मार्सेलबाईंनी लक्षात आणून दिले. शेवटी उरला तो एकटा जब्बाल, म्हणजे काचेवरचे शेवाळ खाणारा कचरेवाला मासा, आणि तोही केवळ घशात अडकेल इतका काटेरी होता म्हणून. बारा वर्षांत बाशा हातभर वाढला. तो मास्तरांच्या बोटांतून कोळंबी खाई, मास्तर बाहेर गेले की भिंतीकडे तोंड करून रुसून बसे, आणि न आवडलेला घास परत त्यांच्या अंगावर थुंके.

"माझ्याशी संसार करून जन्म गेला," मार्सेलबाई म्हणत, "पण माझ्या हातचं खायला तू असा धावत आला नाहीस कधी."

"तू कोळंबी सोलून कुठे देतेस?" मास्तर म्हणत.

मास्तरांचे दुसरे प्रेम म्हणजे त्यांचे वैर. इमारतीच्या तळमजल्यावर उस्ता, म्हणजे उस्ताद, मेगाहेद यांचे केशकर्तनालय होते, आणि तिथेही आरशाखाली माशांची एक पेटी होती. पाणी चहाच्या रंगाचे, काचेवर हिरवी साय, तळाशी कशाचे तरी थर. मास्तर त्या पेटीला "शुब्र्याची गटारगंगा" म्हणत, आणि ते केवळ मनात म्हणत नसत. साबण लावलेल्या गिऱ्हाइकांच्या देखत म्हणत. "उस्ता, यात मासे आहेत की नुसती अफवा आहे?" मेगाहेद वस्तरा पट्ट्यावर घासत उत्तर देई, "माशांची तक्रार आली की कळवतो, मास्तर." अशा संवादांची परिणती व्हायची ती झाली. गेली काही वर्षे मास्तर केस कापायला दोन गल्ल्या ओलांडून जात होते, आणि तिथला न्हावी त्यांचा कान हमखास ओरबाडत असला तरी घरी येऊन त्याची स्तुती करत होते.

मग मार्सेलबाईंच्या गुडघ्यांनी निर्णय घेतला. पाच मजले, लिफ्ट नाही, आणि दोन्ही गुडघे मास्तरांच्या सासऱ्यांसारखे करकरणारे. जैतून भागात पहिल्या मजल्यावर एक घर मिळाले. नातेवाइकांनी घराविषयी काही विचारले नाही. सगळ्यांनी बाशाविषयी सल्ला दिला. मार्सेलबाईंच्या धाकट्या बहिणीने, इवॉनने, कांदा-भाताबरोबर तो किती जणांना पुरेल याचा अंदाज बोलून दाखवला. चर्चच्या अबूनांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, अधिक उदार तोडगा काढला: अंगणातल्या हौदात सोडा, मुले आनंदतील.

"अबूना," मास्तर नम्रपणे म्हणाले, "हौदात तुमचे सोनमासे आहेत. मोठ्या उपासात आपल्याला मासळीसुद्धा वर्ज्य असते. बाशा उपास पाळत नाही. भर उपासात, चर्चच्या अंगणात, सगळ्या मुलांसमोर तो मासळी खात बसेल."

अबूनांनी तोडगा मागे घेतला.

माशाची पेटी हलवणे म्हणजे काचेचे सामान हलवणे, असा सर्वसाधारण समज आहे, आणि त्या समजापायी दरवर्षी पुष्कळ मासे मरतात. मास्तरांचे म्हणणे असे की काच ही त्यातली सर्वांत बिनमहत्त्वाची वस्तू; फुटली तर नवी मिळते. पाणीसुद्धा अर्धेअधिक नवे चालते, नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारणारे थेंब टाकले म्हणजे झाले. जपायची ती घाण. हे त्यांनी मार्सेलबाईंना स्वयंपाकघरात, त्या भेंडी चिरत असताना, शाळेतल्या सुरात समजावले होते.

"मासा जिथे जेवतो तिथेच विधी उरकतो. त्याचं पाण्यात विष होतं. ते विष खाणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. ते गाळणीच्या स्पंजात राहतात आणि तळच्या खडीत राहतात. बारा वर्षांची वस्ती आहे ती. स्पंज धुतला की वस्ती मेली. वस्ती मेली की बाशा स्वतःच्याच मुतात गुदमरून मेला. समजलं?"

"समजलं. तू मळ पाळलायस."

"शास्त्रीय भाषेत तसं म्हणता येईल."

"आणि मी मेले मूर्ख तुझे सदरे धुवत बसले."

एवढे झाल्यावर मास्तरांना वाटले की आपण घरातल्या सर्वांना समजावून सांगितले आहे. घर हलवण्याच्या दिवशी सकाळी मात्र मार्सेलबाई नव्या घराच्या किल्ल्या आणि धूपदान घेऊन जैतूनला पुढे गेल्या, आणि त्यांच्या जागी मदतीला इवॉन आली.

इथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. कैरोत घर बदलणे हा खासगी व्यवहार नसतो. जिना अरुंद, त्यामुळे सामान बाल्कनीतून उतरते: ट्रकवर बसवलेली एक लांबलचक शिडी वरच्या कठड्याला टेकवतात आणि तिच्यावरून एक सपाट पाळणा घरघरत वरखाली करतो. त्या पाळण्यावर तुमची गादी, तुमचे कपाट, तुमच्या संडासातली बादली सगळ्या गल्लीसमोरून संथपणे, एखाद्या राणीच्या मिरवणुकीसारखी खाली येते. बायका खिडक्यांत बसतात. चहा येतो. गादीवरचा डाग हा पुढल्या पिढीपर्यंत सांगितला जातो. म्हणून पाळण्यावर चढणारी प्रत्येक वस्तू आधी धुतली जाते. इवॉन तर क्लोरीनच्या बाटलीशिवाय लग्नालाही जात नसे. तिच्या मते सृष्टीत दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: क्लोरीनने धुतलेल्या आणि धुवायच्या राहिलेल्या.

मास्तरांची सकाळ निर्दोष गेली. दोन दिवस उपाशी ठेवलेल्या बाशाला त्यांनी जाळ्याने नव्हे, पर फाटू नयेत म्हणून मोठ्या टोपल्याने पकडले आणि झाकणाच्या रुंद बादलीत सोडले. कचरेवाल्याला वेगळ्या डब्यात, कारण प्रवासात माणसाचा स्वभाव बदलत नाही तर माशाचा कसा बदलेल. बादलीत बॅटरीवरचा छोटा पंप बुडबुडे सोडू लागला. जुने पाणी पिंपांत भरले. खडी आणि स्पंज पेटीच्याच पाण्यात बुडवून बाल्कनीच्या सावलीत टबात ठेवले. पेटी पार रिकामी केली, कारण पाण्याचा थोडा भार घेऊन उचललेली पेटी सांध्यातून फुटते, आणि ती दोन घोंगड्यांत गुंडाळली. मग ते शिडीवाल्यांच्या मुकादमाला, रईस शहातला, गाठायला पाच मजले उतरून खाली गेले.

शहातचा आवाज असा होता की त्याला पाळण्यासाठी मोटर लागते याचेच नवल वाटावे.

"मास्तर, काच आडवी घालू का उभी?"

"आडवी! आणि खाली गादी!"

"गादी तर कपाटाखाली गेली!"

"मग कपाटाखालून काढ!"

मास्तर वर परतले तेव्हा बाल्कनीत स्वच्छतेचा सुवास दरवळत होता. टब उलटा सुकत होता. खडी चादरीवर पसरलेली, मोत्यांसारखी पांढरी. आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर, मास्तरांच्या दोन गंजीफ्रॉकांच्या मधोमध, दोन चिमट्यांना लटकलेला, पिळून काढलेला, पिवळाधमक, नवा कोरा दिसणारा त्यांचा स्पंज. बारा वर्षांची वस्ती शुब्र्याच्या उन्हात वाळत होती.

मास्तरांनी दाराची चौकट धरली.

"इवॉन, हे काय केलंस?"

"आधी बस, वदीअ, माझ्या भावा, तुझा चेहरा बघ केवढासा झालाय." इवॉन हातमोजे काढत म्हणाली. "तीन वेळा धुतला तेव्हा कुठे पाणी पांढरं आलं. काय मळ होता रे! हा असा पाळण्यावर गेला असता तर समोरची सगळी गल्ली म्हणाली असती, मार्सेलच्या घरात दलदल आहे."

"क्लोरीन घातलास?"

"नाही तर काय, गुलाबपाणी घालू?"

भूगोलाच्या शिक्षकाला नदी कशी मरते हे ठाऊक असते. नवे घर, नवे पाणी, चकचकीत खडी आणि मेलेला स्पंज: पहिल्या दिवशी सगळे छान दिसेल. मग बाशा वर येऊन तोंड उघडझाप करू लागेल, कल्ले लाल होतील, आणि मास्तर रोज पाणी बदलत राहतील, आणि म्हातारा, लाडावलेला, रागीट मासा त्या बदलांनीच आधी थकेल आणि मग मरेल. त्यांनी बादलीचे झाकण किंचित उचलले. आतून एक केशरी कडेचा डोळा त्यांच्याकडे बघत होता, तिरस्काराने. शेजारी इवॉन आता रडत होती.

"अरे, मी चांगलं म्हणून केलं..."

"तू चांगलंच केलंस," मास्तर म्हणाले. "तेवढंच चुकलं."

खालून शहात गरजला, "मास्तर, काच चढवा, ऊन चढतंय!"

पेटी उतरली. गल्लीने श्वास रोखला. तळमजल्याची एक म्हातारी पुढे आली आणि दृष्ट लागू नये म्हणून तिने घोंगड्यांवर, शहातवर आणि शेवटी बाशाच्या बादलीवर मूठभर मीठ फेकले. दोन खडे झाकणाच्या भोकातून आत पडले. "पडू द्या," मास्तर खिन्नपणे म्हणाले. प्रवासाने घाबरलेल्या माशाला थोडे मीठ बरेच असते. सकाळपासून त्यांना मदत करायला आलेल्या माणसांपैकी माशाचा फायदा करणारी ती एकटीच निघाली.

एका मुरलेल्या पेटीतला स्पंज मेला तर दुसऱ्या मुरलेल्या पेटीतला आणावा लागतो. शुक्रवारचा बाजार शुक्रवारी भरतो; आज तो नव्हता. दुकानांतल्या पेट्या रोज धुतल्या जातात. बादलीतले पाणी बाशा स्वतःच संध्याकाळपर्यंत नासवणार होता. शुब्र्यात, चालत जाता येईल अशा अंतरावर, वर्षानुवर्षे कोणी न धुतलेली, मळाने समृद्ध अशी एकच पेटी होती. मास्तरांना तिचा पत्ता पाठ होता, आणि म्हणूनच ते ट्रकच्या चाकाशी बराच वेळ उभे राहिले.

केशकर्तनालयात एक गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत खुर्चीत होते. बाकावर आणखी दोघे. मास्तर आत येताच वस्तरा गालावरच थांबला.

"या मास्तर," मेगाहेद आरशातूनच म्हणाला. "निरोप घ्यायला आलात, की गटारगंगेची शेवटची पाहणी?"

"उस्ता, मला तुमचा स्पंज हवाय."

"काय?"

"गाळणीतला. निम्मा दिलात तरी चालेल."

मेगाहेदने वस्तरा खाली ठेवला. "आमचा? हा मळका?"

"मळका आहे म्हणूनच."

त्याने खुर्चीतल्या माणसाकडे बघितले, बाकावरच्या दोघांकडे बघितले, आणि एखाद्या न्यायाधीशाने टोपी चढवावी तसा खांद्यावरचा टॉवेल नीट केला. "मास्तर, या दुकानात तुम्ही वर्षानुवर्षं काय बोललात ते या लोकांनी ऐकलंय. आता हेही त्यांना ऐकू दे. जरा मोठ्यानं."

मास्तरांनी वर्गात कधी कोणाची माफी मागितली नव्हती. खंड चुकला तरी फळा पुसत असत. त्यांनी घसा साफ केला.

"उस्ता मेगाहेद यांची घाण," ते म्हणाले, "शुब्र्यातली सर्वोत्तम घाण आहे."

"आणि तुमची?"

"माझी मेव्हणीने धुऊन टाकली."

बाकावरचे दोघे फुटले. अर्ध्या दाढीवाला हसला आणि त्याच्या तोंडात फेस गेला. मेगाहेद मात्र हसला नाही. त्याने ताबडतोब चेहरा बदलला, जणू एखाद्या घरात आजारपण आहे असे ऐकले.

"क्लोरीन?"

"तीन वेळा."

"देवा!" तो म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या वर करून पेटीत कोपरापर्यंत हात घातला. स्पंज बाहेर आला तो काळा, गुळगुळीत, सुस्त, कुठल्याशा जनावराच्या यकृतासारखा. मेगाहेदने तो काउंटरवर ठेवला आणि दाढीच्याच वस्तऱ्याने मधोमध कापला. निम्मा परत पेटीत गेला. निम्मा, पेटीच्याच चहारंगी पाण्यात बुडवून, साबणाच्या फेसाच्या पितळी वाटीत. आधी वाटी त्याच पाण्याने नीट विसळून घेतली, साबण त्या जीवांना चालणार नाही हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

"उस्ता, त्या वस्तऱ्यानं आता माझी उरलेली दाढी करणार आहात का?" खुर्चीतून प्रश्न आला.

"पातं बदलेन. नंतर. चहा मागव, मी आलो."

"कुठे निघालात?"

"जैतूनला. माझा अर्धा मळ एकटा जाणार नाही. मास्तरांच्या घरातले लोक धुतात."

ट्रकच्या पुढल्या बाकावर शहातशेजारी दोघे बसले. मास्तरांच्या गुडघ्यांत बादली, मेगाहेदच्या मांडीवर पितळी वाटी. पुलावर वाहतूक तुंबली. ऊन टपावर बसले. मास्तर बादलीवर ओला टॉवेल टाकत होते आणि मेगाहेद वाटीवर तळहात धरून सावली करत होता.

"तुमचा तो बाशा," शेवटी मेगाहेद म्हणाला, "मी कधी नीट बघितलाच नाही. तुम्ही वर बोलावलंच नाही."

"तुम्ही आला असतात?"

"नसतो आलो. पण बोलवायला हवं होतं."

शहातने भोंगा दाबून ठेवला. "दोघंही मासा-मासा करताय सकाळपासून. तळून खा आणि सुटा!" दोघांनी एकाच वेळी त्याला अशी शिवी दिली की तो पुढच्या चौकापर्यंत गप्प होता.

जैतूनच्या घरात मार्सेलबाईंनी धूप जाळला होता. मास्तरांनी आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, कारण हवेचा पंप धूरही पाण्यात ओढतो, आणि मग स्टँडवर थर्मोकोलचा तक्ता टाकून पेटी ठेवली. खडी जुन्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून क्लोरीनचा वास जाईपर्यंत धुतली. जुने पाणी, नवे पाणी, थेंब, गाळणी. काळा अर्धा स्पंज मेगाहेदने स्वतःच्या हाताने बसवला. बादली पेटीत कलती करून दोन्ही पाणी हळूहळू एक होऊ दिले, तेव्हा बाशा बाहेर सरकला, तळाशी गेला आणि एका कुशीवर आडवा झाला.

"मेला?" मार्सेलबाईंनी विचारले.

"रुसलाय," मास्तर म्हणाले. पण खात्री नव्हती.

मेगाहेदला न जेवता सोडणे शक्य नव्हते. बाईंनी मुलूखियाची पातळ भाजी आणि ससा वाढला. तो गेल्यावर मास्तर खुर्ची ओढून बसले. बाशा काळवंडला होता. दिवसांमागून दिवस तो तळाशी राहिला. कल्ले लाल झाले नाहीत, पाणी दुधाळ झाले आणि मग निवळले; स्पंज आपले काम करत होता. पण कोळंबी तशीच पडून राही, आणि संध्याकाळी मास्तरांना ती चिमट्याने काढावी लागे. कचरेवाला तेवढा पहिल्या तासापासून काच चाटत होता. त्याला घर बदलल्याचे कळलेच नव्हते. मास्तर स्वतःही जेवणात लक्ष देईनात. मार्सेलबाईंनी एक दिवस ताट पुढ्यातून उचलले आणि म्हणाल्या, "माशाला भूक नाही तर तुला नाही, हा कुठला संसार?"

कैरोत न्हाव्यांची सुट्टी सोमवारी. सोमवारी मेगाहेद स्वच्छ सदरा घालून, केसांना तेल लावून, "माझा मळ बघायला" म्हणून हजर झाला. त्याने गाळणीकडे पाहिले, समाधानाने मान हलवली, मग बशीतली एक कोळंबी उचलली.

"तो घेणार नाही," मास्तर म्हणाले. "माझ्याकडून घेत नाहीये."

"तुमच्याकडून कशाला घेईल? त्याला बादलीत कोणी कोंबलं?"

मेगाहेदने बोटे पाण्यात बुडवली. बाशाचा एक डोळा वर झाला. एक पर हलला. तो उठला, एखादा निवृत्त पोलीस अधिकारी खुर्चीतून उठतो तसा, टप्प्याटप्प्याने, आणि पृष्ठभागाशी येऊन थबकला. मग पाण्याचा एक चाबूक उडाला, मेगाहेदचा स्वच्छ सदरा भिजला आणि कोळंबी नाहीशी झाली.

मास्तरांच्या छातीवरचे ओझे उतरले आणि त्याच क्षणी तिथे दुसरे चढले. बारा वर्षे सोलून भरवले. रुसवा सोडायचा तर गटारगंगेच्या मालकाच्या हातून!

"नालायका," ते काचेला म्हणाले.

"आणखी एक देऊ?" मेगाहेदने डोळे मिचकावले.

"द्या. तीनच. उपासावर एकदम जास्त नको." मग त्याच्याकडे न बघता, "पुढल्या सोमवारी याच. मुलूखिया असेल."

मेगाहेद गेला. जिन्यावर त्याची पावले विरली तशी मास्तरांनी बाही वर केली, मार्सेलबाई स्वयंपाकघरात आहेत याची खात्री करून घेतली, आणि रिकामी बोटे पाण्यात घातली. बाशा दूरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून होता. तो वळला. थेट आला. बोटांत काहीच नाही हे बघायला तो थांबला नाही. किंवा बघूनच आला असेल. मधल्या बोटाच्या पेरावर त्याने असा कडकडून चावा घेतला की कातडी सोलून निघाली आणि पाण्यात रक्ताचा एक बारीक धागा लांबत गेला.

"मार्सेल!" मास्तर ओरडले, इतक्या आनंदाने की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या आणि जैतूनने आपल्या नव्या रहिवाशाचा आवाज प्रथमच ऐकला. "मार्सेल, धाव! चावला! मला चावला!"